दोन मिलिअँपिअर आणि एक नकार

गेल्या महिन्यात नागपुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या सूचनाफलकावर एक साधा कागद लागला. अठरा ते पस्तीस वयाचे निरोगी स्वयंसेवक हवे आहेत. डोक्यावर दोन ओले स्पंज बांधून वीस मिनिटे अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडला जाईल, त्याच्या आधी आणि नंतर स्मरणशक्तीच्या काही चाचण्या घेतल्या जातील, जाण्यायेण्याचा खर्च मिळेल, एवढाच मजकूर होता. कोणीतरी त्याचे छायाचित्र काढले आणि दोन दिवसांत ते धरमपेठेपासून हुडकेश्वरपर्यंतच्या पालकांच्या फोनवर जाऊन पोहोचले. ‘पोरांना शॉक देणार’, ‘वसतिगृहातल्या गरिबांच्या मुलांचे गिनिपिग करणार’ अशी एका बाजूने ओरड सुरू झाली. दुसऱ्या बाजूने उत्तर आले की टॉर्चच्या सेलवर चालणारे हे यंत्र आहे, परदेशात पाव शतक हे चालू आहे आणि विरोध करणारे अडाणी आहेत. सीताबर्डीवरच्या एका सभागृहात या विषयावर झालेली चर्चा ऐकायला मी गेलो होतो. दोन तास अँपिअर आणि व्होल्ट यांचा खल झाला. त्या मुलाला ‘भाग घेतोस का’ असे विचारणार कोण, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर पुढे काय होणार, हा प्रश्न व्यासपीठावरून कोणी काढला नाही आणि श्रोत्यांतूनही कोणी काढला नाही. मीही काढला नाही. त्याची खंत म्हणून हा लेख.

माझे मत आधीच सांगून टाकतो. अशी चाचणी व्हावी, आणि ती नागपुरातही व्हावी. मात्र प्रवाह कमी आहे म्हणून ती व्हावी, हे समर्थन मला मान्य नाही. तो कमी असूनही ती चुकीची ठरू शकते. माणसावर केला जाणारा कोणताही प्रयोग माझ्या मते दोन गोष्टींवर उभा असतो. स्वयंसेवकाला काहीही न गमावता नकार देता आला पाहिजे, आणि संशोधकाच्या कल्पनेलाही नापास होण्याची मोकळीक हवी, म्हणजे निष्कर्ष शून्य आला तर तोही जगासमोर यायला हवा. यांपैकी एकही गोष्ट अँपिअरमध्ये मोजता येत नाही. मी डॉक्टर नाही. आयुष्यभर मराठी शिकवले आणि निवृत्तीनंतर सहा वर्षे एका संस्थेच्या नैतिकता समितीवर, ज्याला सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात, ‘सामान्य व्यक्ती’ या नात्याने बसलो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, नियमांनुसार अशा समितीत संस्थेबाहेरचा अध्यक्ष, कायद्याचा जाणकार आणि विज्ञानाशी संबंध नसलेला एक साधा नागरिक लागतो. तो साधा नागरिक मी होतो. पुढचे लिहिणे त्याच खुर्चीतून झाले आहे असे समजावे.

प्रथम ‘शॉक’ या शब्दाचा निकाल लावू. टीडीसीएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कापणे, टोचणे, भूल देणे असे काही नसते. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या, तळहातापेक्षा लहान अशा दोन स्पंजांमधून एक ते दोन मिलिअँपिअरचा, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह काही मिनिटे सोडला जातो. मुंग्या येतात, खाज सुटते, त्वचा लाल होते, कधी डोके दुखते. हा प्रवाह चेतापेशीला पेटवत नाही. ती पेटण्याच्या उंबरठ्याच्या किती जवळ उभी आहे, एवढ्यात किंचित फरक करतो. जर्मनीतील ग्योटिंगेन येथे मायकेल नित्शे आणि वाल्टर पाउलुस यांनी २००० साली दाखवले की अशा प्रवाहामुळे हाताच्या स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या भागाची उत्तेजनक्षमता सुमारे ४० टक्क्यांपर्यंत बदलते आणि प्रवाह थांबल्यावरही तो बदल काही मिनिटे टिकतो. आजचा सगळा पसारा बव्हंशी त्या निबंधातून वाढला. याउलट मनोरुग्णालयात दिला जाणारा विद्युत उपचार, म्हणजे ईसीटी, हा सुमारे ८०० ते ९०० मिलिअँपिअरचे स्पंद देऊन मुद्दाम आकडी आणणारा उपचार आहे, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९५ नुसार भूल व स्नायू सैल करणारे औषध दिल्याशिवाय तो करायला मनाई आहे. दोन्हींत वीज आहे म्हणून दोन्ही एकच मानणे म्हणजे पणती आणि वणवा एकच मानणे. पण ज्या शहरात छिंदवाडा रस्त्यावरच्या चौकाला लोक पिढ्यान्‌पिढ्या ‘पागलखाना चौक’ म्हणत आले, तिथे डोके आणि वीज हे दोन शब्द एका वाक्यात आले की लोकांच्या पोटात गोळा येणारच. त्या भीतीला अडाणीपणा म्हणून हिणवणाऱ्यांनी ती आली कुठून हे पाहिलेले नाही. तिच्याकडे मी पुढे येतो.

आता ‘निरुपद्रवी’ म्हणणाऱ्यांची बाजू. तिच्यातले सर्वांत बळकट विधान मी त्यांच्याहून नेमके मांडतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुरक्षिततेच्या एका मोठ्या आढाव्यात ३३,२०० हून अधिक सत्रांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि नेहमीच्या मर्यादांत दिलेल्या प्रवाहामुळे गंभीर इजा झाल्याचा पुरावा सापडला नाही. ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अनेक रोजच्या औषधांबद्दल असे म्हणता येणार नाही. परंतु ‘प्रयोगशाळेच्या मर्यादांत सुरक्षित’ आणि ‘सुरक्षित’ यांच्यामधल्या जागेतच नागपूर येते. सेलची उपमा घ्या. प्रयोगशाळेतले यंत्र प्रवाह स्थिर ठेवते. त्वचेचा विरोध कमीजास्त झाला तर त्याप्रमाणे विद्युतदाब बदलते, आणि विरोध फार वाढला तर थांबते. सेलला ते कळत नाही. स्पंज सुकला, नीट टेकला नाही किंवा मिठाच्या पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले, तर प्रवाह एखाद्या बिंदूत एकवटतो आणि कातडी भाजते. अशा नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना, कूलरच्या झोतात ठेवलेला ओला स्पंज वीस मिनिटे ओला राहील का? आपल्याकडच्या दाट, तेल लावून चापून विंचरलेल्या केसांतून तो त्वचेला सारखा टेकेल का? हे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे वाटतील, पण यंत्राच्या पुस्तिकेतल्या मर्यादा आपल्या डोक्यावर उतरतात की नाही, हे असल्याच प्रश्नांवर ठरते. याहून गंभीर मुद्दा वेगळा आहे. फीतकृमीच्या अळ्या मेंदूत जाऊन गाठी होणे हे आपल्या देशात अपस्माराचे एक मोठे कारण आहे, आणि अशी गाठ वर्षानुवर्षे काहीही लक्षण न दाखवता बसून राहू शकते. ‘तुम्हाला कधी आकडी आली होती का’ या प्रश्नाला असा माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल आणि निरोगी स्वयंसेवक म्हणून खुर्चीत बसेल. त्याला दोन मिलिअँपिअरने काही होईल असे मी म्हणत नाही. युरोपातल्या विद्यार्थ्यांवरून काढलेले निष्कर्ष कामठी-उमरेडच्या मुलांवर डोळे मिटून लावता येत नाहीत, एवढेच म्हणतो. आणि म्हणूनच, विरोधकांच्या गळी हे उतरणार नाही, पण चाचणी इथे होण्याची गरज आहे.

‘निरुपद्रवी’च्या युक्तिवादात आणखी एक भगदाड आहे. एकाच दमात सांगितले जाते की प्रवाह इतका क्षीण आहे की त्याने काही बिघडत नाही, आणि इतका प्रभावी आहे की त्याने स्मरणशक्ती वाढते. जे काही बदलूच शकत नाही त्याने काही सुधारणारही नाही. जे सुधारू शकते ते बिघडवूही शकते. २०१३ मध्ये इंग्लंडमधील इयुकुलानो आणि कोहेन कादोश यांच्या प्रयोगात नेमके हेच दिसले. मेंदूच्या एका भागावर प्रवाह दिल्यावर नवी अंकचिन्हे शिकण्याचा वेग वाढला, पण शिकलेले सहजपणे, आपोआप वापरण्याची क्षमता घटली. दुसऱ्या भागावर दिल्यावर उलटे झाले. गणिताच्या क्लासला पैसे भरणाऱ्या बापाला हा सौदा कोणी समजावून सांगितला आहे का? दुसरीकडे मृतदेहांवर केलेल्या मापनांत असे आढळले की डोक्यावर दिलेल्या प्रवाहाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्वचा, स्नायू आणि कवटीतच जिरतो. म्हणजे मेंदूपर्यंत काय पोहोचते, पोहोचलेले काय करते आणि जे करते ते हितावह असते का, हे तीनही प्रश्न अजून पुरते मिटलेले नाहीत. जिथे प्रश्न मिटलेला असतो तिथे चाचणीची गरज नसते, आणि जिथे चाचणी करायची आहे तिथे ‘काही होत नाही’ असे आधीच सांगणे म्हणजे स्वयंसेवकाची फसवणूक आहे.

आता त्या भीतीच्या उगमाकडे. एप्रिल १९३८ मध्ये रोम येथे उगो चेर्लेत्ती आणि लुचियो बिनी यांनी माणसावर पहिल्यांदा ईसीटी केले. तो माणूस रेल्वे स्टेशनवर भटकताना पोलिसांना सापडला होता, त्याचे बोलणे असंबद्ध होते, आणि त्याच्या वतीने बोलणारे कोणी जवळ नव्हते. पहिला झटका कमी पडला, आकडी आली नाही. डॉक्टर पुन्हा, अधिक दाबाने प्रयत्न करावा का याविषयी आपापसांत बोलू लागले, तेव्हा इतका वेळ अर्थहीन बडबडणारा तो माणूस स्वच्छ शब्दांत म्हणाला की दुसरा नको, जीव जाईल. हे त्याच्या नातेवाइकांनी नंतर केलेले आरोप नाहीत. ही हकीकत स्वतः चेर्लेत्तीने लिहून ठेवली आहे. उपस्थित लोक चरकले, आणि तरीही दुसरा झटका दिला गेला. पुढे तो माणूस सुधारलाही. इथेच ही गोष्ट अवघड होते. उपचार लागू पडला, आजही तीव्र नैराश्यात ईसीटीइतके प्रभावी उपचार थोडेच आहेत, मग त्या एका वाक्याचे काय करायचे? ‘शेवटी भले झाले ना’ म्हणून सोडून द्यायचे? मला वाटते, ज्या क्षणी त्या खोलीतल्या एकमेव असहाय माणसाने शुद्धीवर येऊन उच्चारलेला नकार सर्वांनी ऐकला आणि कोणीही मानला नाही, त्या क्षणापासून ईसीटीच्या नावाला जो डाग लागला तो उपचाराच्या यशानेही धुतला गेला नाही. भुलीशिवाय, स्नायू सैल केल्याशिवाय देण्याची पद्धत पुढे किती तरी वर्षे चालली, मनोरुग्णालयांत ती शिक्षेसारखी वापरली गेल्याच्या कहाण्या जगभर पसरल्या, आणि आज ज्याला या उपचाराची खरी गरज आहे अशा रुग्णाचा भाऊ नागपुरातल्या ओपीडीत डॉक्टरांसमोर हात जोडून म्हणतो, ‘साहेब, करंट तेवढा नका लावू.’ विज्ञानाने त्या वेळी कमावलेली आकडी आणि गमावलेला विश्वास यांचा हिशेब आपण अजून फेडतो आहोत.

याच्याही आधी, १८७४ मध्ये, अमेरिकेतील सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टराने कवटी पोखरणाऱ्या व्रणामुळे मेंदू उघडा पडलेल्या मेरी रॅफर्टी या मोलकरणीच्या मेंदूत सुया घालून वीज सोडली. तिला आकडी आली आणि काही दिवसांतच ती मरण पावली. तिने संमती दिली होती, असे बार्थोलोचे म्हणणे. ज्या बाईला उपचार देणारा, जेवण देणारा आणि प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, तिच्या होकाराची किंमत किती?

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हाफकिनचे आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना वाल्देमार हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ही गोष्ट आपण शाळेत अभिमानाने सांगतो. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना ती टोचली गेली, हा भाग आपण जरा भरभर सांगतो. ते कैदी स्वेच्छेने पुढे आले होते असे नमूद आहे, आणि तुरुंगातच प्लेग शिरल्याने त्यांना तसे वाटलेही असेल. पण तुरुंगाधिकाऱ्यासमोर उभ्या असलेल्या कैद्याचे ‘हो’ आणि कॉलेजात स्वतःहून सुई टोचून घेणाऱ्या हाफकिनचे ‘हो’ एकाच तराजूत घालता येतील का? हाफकिनला मी यात दोषी धरत नाही. त्या काळाचे माप त्याला लागू. उलट पुढे १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा सरकारने खापर त्याच्या माथी फोडले आणि त्याची निर्दोषता मान्य व्हायला पाच वर्षे गेली. ती कशामुळे सिद्ध झाली? कोणती बाटली कुठे, कोणाच्या हातून, कशी उघडली गेली याच्या नोंदी होत्या म्हणून. जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करता वापरला गेल्याचे त्या नोंदींतून उघड झाले. संशोधकांनी आपल्या मनाशी एवढे तरी धरावे की कटकट वाटणारे रजिस्टर एखाद्या दिवशी त्यांचाच वकील होते.

विरोधकांचा सर्वांत अडचणीचा प्रश्न असा : इतके सगळे अनिश्चित आहे, तर निरोगी मुलांना यात ओढताच कशाला? रुग्णाला निदान बरे होण्याची आशा असते; निरोगी माणसाला यातून मिळणार काय? मी हा प्रश्न रास्त मानतो. स्वयंसेवकाला स्वतःला काहीही मिळणार नाही, आणि हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे. पण ‘चाचणी करू नका’ म्हटल्याने ‘वापर होऊ नये’ हे साधत नाही. एकाग्रता वाढवण्याच्या नावाखाली डोक्याला लावायची यंत्रे घरबसल्या मागवता येतात. परदेशात घरच्या घरी तारा जोडणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या ३९ संशोधकांनी जाहीर पत्र लिहून धोक्याचा इशारा दिला. खेळाडूंसाठी आणि गेम खेळणाऱ्यांसाठी विकल्या जाणाऱ्या अशाच एका शिरपेचाची लायडनमधील संशोधकांनी तपासणी केली, तर तो वापरल्यावर कामचलाऊ स्मृती सुधारण्याऐवजी खालावलेली आढळली. ही माहिती कोणामुळे मिळाली? खुर्चीत बसलेल्या निरोगी स्वयंसेवकांमुळेच. नीट आणि जेईईच्या क्लासेसच्या पाट्यांनी ज्या शहरातले रस्ते भरून गेले आहेत, तिथे ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून हे यंत्र उद्या एखाद्या क्लासच्या पॅकेजमध्ये आले तर मला नवल वाटणार नाही. त्या दिवशी पालकांच्या हाती काय असावे : विक्रेत्याचे माहितीपत्रक, की कोणाचाही माल विकायचा नसलेल्या संशोधकाने आपल्याच शहरातल्या मुलांवर, त्यांच्या संमतीने, काटेकोरपणे घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष? प्रयोगशाळेचे दार बंद केले की बाजाराचे दार बंद होते, ही समजूत आपल्याला किती तरी बाबतींत महागात पडली आहे.

मात्र या उत्तराची एक किंमत आहे आणि ती संशोधकांनी द्यायची आहे. चाचणीचे समर्थन जर ‘खरे काय ते कळावे’ हे असेल, तर जिच्यातून काहीच कळणार नाही अशी चाचणी अनैतिक ठरते, मग तिच्यात कोणालाही खरचटलेसुद्धा नसो. पंधरा-वीस मुले, एक सत्र, चार चाचण्या, आणि त्यांतल्या जिच्यात फरक दिसला तेवढीच छापायची, अशा अभ्यासांनी हे क्षेत्र भरले आहे. पदव्युत्तर प्रबंधाची मुदत जवळ आली की असे अभ्यास आमच्या समितीसमोरही येत, आणि ‘प्रवाह कमी आहे, धोका नाही’ या एका वाक्यावर ते मंजूर व्हावेत अशी अपेक्षा असे. मोठ्या आणि नीट आखलेल्या चाचण्यांचा अनुभव पाहा. नैराश्यावर टीडीसीएस हे एस्सिटालोप्राम या औषधाच्या तोडीचे आहे का, हे ब्राझीलमध्ये २४५ रुग्णांवर तपासले गेले. २०१७ च्या निष्कर्षात ते सिद्ध झाले नाही. जर्मनीत औषधाच्या जोडीला टीडीसीएस दिल्याने लुटुपुटीच्या, म्हणजे नुसत्या दाखवण्यापुरत्या, प्रवाहापेक्षा अधिक फायदा झाला नाही, असे २०२३ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी, घरी वापरायच्या यंत्राच्या १७४ रुग्णांवरील चाचणीत खऱ्या प्रवाहाच्या गटातील रुग्ण लक्षणीयरीत्या अधिक संख्येने बरे झाले. आता खरे काय? याचे उत्तर पुढच्या चाचण्यांतून यायचे आहे, आणि ज्यांत आशा फोल ठरली ते निष्कर्ष छापले गेले म्हणूनच हा प्रश्न आपल्याला विचारता तरी येतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविज्ञानाच्या संस्थेत स्किझोफ्रेनिया या मनोविकारातल्या श्रवणभ्रमांवर, म्हणजे नसलेले आवाज ऐकू येण्यावर, या पद्धतीचे काम बराच काळ चालू आहे. आपल्याकडे हे होऊ शकत नाही असे नाही. सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत चाचणी सुरू होण्याआधी तिचा आराखडा नोंदवायची सोय २००७ पासून आहे. काय मोजणार हे आधी लिहून ठेवलेले असले की मागाहून गोलपोस्ट हलवता येत नाही. सूचनाफलकावरच्या त्या कागदावर नोंदणी क्रमांक होता का, हे सभागृहातल्या एकाही वक्त्याने पाहिले नव्हते. (होता. मी जाऊन पाहिला.)

यानंतर विरोधक खम्ममची आठवण काढतात, आणि त्यांनी ती काढलीच पाहिजे. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस एका प्रकल्पाखाली दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाले. त्यांचा लसीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही. पण संमतीची कागदपत्रे उघडली तेव्हा निघाले ते भयंकर होते : आश्रमशाळांतल्या मुलींच्या वतीने वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट नव्हती, जगभर ती दिली जाते. सही वाईट होती. तेव्हापासून त्या लसीचे नाव काढले की आपल्याकडे प्रथम संशय उभा राहतो. विरोधक या उदाहरणावरून ‘म्हणून प्रयोग नको’ असा निष्कर्ष काढतात. मी त्यातून असे काढतो की प्रयोगाची सगळी इभ्रत त्या एका सहीत असते, आणि सही कोणी, कोणासमोर, काय समजून केली हे पाहणे हे लोकांचे काम आहे, केवळ डॉक्टरांचे नव्हे.

मग नकार देणे शक्य आहे हे ओळखायचे कसे? इथे तत्त्वज्ञान फार कामाचे नाही. बारीकसारीक व्यवस्था पाहाव्या लागतात. संशोधक ज्या वर्गाला शिकवतो त्या वर्गातून त्याने स्वयंसेवक घेऊ नयेत. आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वे विद्यार्थी आणि हाताखालचे कर्मचारी यांना दबावाखाली येऊ शकणारे गटच मानतात, आणि ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत त्याने हसत विचारलेला प्रश्नही मुलाला आज्ञेसारखा ऐकू येतो. विचारणारी व्यक्ती तिऱ्हाईत असावी. विचारणे आणि सही यांच्यात किमान एक रात्र जावी. जाण्यायेण्याचे पैसे प्रत्येक खेपेला त्याच दिवशी द्यावेत. पाच सत्रांचे एकत्र पैसे शेवटी देण्याची पद्धत असेल तर तिसऱ्या सत्रानंतर उठून जाणाऱ्याला आधीचेही सोडावे लागतात, आणि खेड्यातून येऊन खोली घेऊन राहणाऱ्या मुलासाठी तो दंडच असतो. इजा झाली तर उपचार मोफत आणि भरपाई कोणाकडून, हे नावानिशी लिहिलेले असावे. एक तांत्रिक गोष्टही सांगतो, कारण ती मला फार अर्थपूर्ण वाटते. मध्येच कोणी ‘बंद करा’ म्हटले तरी प्रवाह एकदम तोडत नाहीत. झटकन तोडला तर डोळ्यांपुढे लख्खकन चमकते, म्हणून यंत्र तो काही सेकंदांत हळूहळू उतरवते. म्हणजे नकारालाही थोडा वेळ लागतो, आणि हे आधी सांगितले नाही तर त्या काही सेकंदांत ‘मी म्हटले तरी यांनी थांबवले नाही’ असे माणसाला वाटते. १९३८ च्या त्या माणसाला वाटले तसेच.

आणि भाषा. सहा वर्षांत माझ्या हातून काही उपयुक्त काम झाले असेल तर ते संमतीपत्रांच्या मराठीवर लाल शाई ओतण्याचे. इंग्रजीत लिहायचे, कोणाकडून तरी मराठी करून घ्यायचे, ते पुन्हा इंग्रजीत करून मूळाशी जुळते का पाहायचे, अशी रीत आहे. जुळते खरे, पण कळत नाही. ‘सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने नियुक्तीकरण करण्यात येऊन त्यांना सक्रिय अथवा छद्म उद्दीपन प्रदान करण्यात येईल’ हे वाक्य एका मसुद्यात होते. मी समितीतल्या परिचारिकाबाईंना त्याचा अर्थ विचारला; त्या म्हणाल्या, ‘सर, काहीतरी प्रदान करणार आहेत.’ आम्ही ते असे केले : ‘तुम्हाला खरा प्रवाह मिळेल की लुटुपुटीचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल. लुटुपुटीच्या प्रवाहात सुरुवातीला थोड्या मुंग्या येतील आणि मग यंत्र बंद राहील. तुम्हाला कोणता मिळाला हे तुम्हाला किंवा तुमच्या चाचण्या घेणाऱ्याला माहीत नसेल.’ संशोधकाची तक्रार होती की ‘लुटुपुटीचा’ हा शब्द शास्त्रीय नाही. भातुकली खेळलेल्या प्रत्येकाला तो कळतो, यापेक्षा मोठी शास्त्रीयता संमतीपत्राला काय हवी? नागपुरात तर पुढचा प्रश्नही असतो. मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत बालाघाट, शिवनी, छिंदवाड्याचे लोक रांगेत असतात, आणि त्यांच्यासाठी ही सुधारलेली मराठीही परकीच. ज्या कागदावर ‘नाही’ म्हणण्याचा हक्क लिहिला आहे तो कागदच वाचता येत नसेल, तर तो हक्क कागदाच्या मालकाकडेच राहिला.

दीर्घकाळ, रोज, वर्षानुवर्षे असा प्रवाह घेतला तर काय होते, याविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे, आणि तिथे मी विरोधकांच्या बाजूला आहे. आज प्रश्न काही सत्रांच्या अभ्यासाचा आहे. उद्या कोणी शाळकरी मुलांवर परीक्षेपूर्वी महिनाभर रोज प्रवाह देण्याचा प्रस्ताव आणला, तर मी त्याच्याविरुद्ध याच जागी लिहीन.

तो व्हायरल झालेला कागद माझ्या भाचीपर्यंतही पोहोचला. ती दुसऱ्या महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेव्हा इथल्या कोणत्याही प्राध्यापकाच्या हाती तिचे गुण नाहीत. तिने माहितीपत्रक मागवून घेतले आणि रविवारी ते घेऊन घरी आली. ‘मामा, भाग घेऊ का?’ असे तिने विचारले नाही, त्याचे मला बरे वाटले. तिने विचारले, ‘मला लुटुपुटीचा मिळाला, तर शेवटी तरी सांगतील का?’ आम्ही दोघांनी चारही पाने पुन्हा पाहिली. त्यावर काही लिहिलेले नव्हते. शेवटच्या पानावर समितीच्या सदस्य-सचिवांचा क्रमांक होता, त्यावर तिने मंगळवारी विचारणा केली. ‘पुढच्या बैठकीत ठेवतो’ असे उत्तर आले आहे. माहितीपत्रक सध्या तिच्या वहीत आहे, सहीची जागा कोरी ठेवून.